अपिलाची अनुज्ञा

दिवाणी दाव्याचा निकाल विरुद्ध गेला म्हणजे घरातील कर्ता पुरुष पहिल्याने एवढेच म्हणतो, ‘अपील करू.’ परंतु अपील हा दर वेळी हक्कच असतो असे नाही. कित्येकदा त्याची अनुज्ञा आधी मागावी लागते, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांच्याही ध्यानात नसते. या विषयाचे एक ठळक उदाहरण आम्हा हर्सूलकरांच्या अगदी उशापाशी घडले आहे.

पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित १८९७ च्या ऑगस्टात पटकीने वारले. मृत्युपत्रान्वये लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे प्रभृती त्यांच्या इस्टेटीचे विश्वस्त झाले. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज यांच्या मांडीवर निधोणे शाखेतील जगन्नाथास दत्तक दिले गेले. पुढे त्याच वर्षी बाईंचे मन पालटले व त्यांनी कोल्हापूरकर शाखेतील बाळा महाराजांस दत्तक घेतले. एका घरास दोन दत्तक! मग वाद कोर्टात न जाता तर नवल. टिळकांवर फौजदारी खटलाही झाला. १९०३ साली झालेली शिक्षा १९०४ च्या मार्चात मुंबईच्या उच्च न्यायालयाने रद्द केली.

दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. पुण्याच्या न्यायाधीशांनी १९०६ साली जगन्नाथाचे दत्तविधान खरे ठरविले. उच्च न्यायालयाने १९१० साली तो निकाल फिरविला. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत जावयाचे तर त्या काळच्या कायद्याप्रमाणे उच्च न्यायालयाचाच दाखला लागे. वादाची किंमत निदान दहा हजार रुपये असावी, आणि दोन्ही न्यायालयांचे मत एक असेल तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्नही दाखवावा, अशी ती अट होती. येथे वरच्या न्यायालयाने खालचा निकाल उलटविला असल्यामुळे दुसरी अट आड आली नाही. प्रतिपक्षाच्या खर्चासाठी जामीनही द्यावा लागे, तो निराळाच. अखेर २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलाने पुण्याचा निकाल कायम केला. साक्षीदारास लबाड ठरवावयाचे असेल, तर ज्या कागदांवरून तसे म्हणावयाचे ते त्याच्यापुढे ठेवून खुलाशाची संधी त्यास दिली पाहिजे, हे त्या निकालातील तत्त्व भारतीय न्यायालये आजही आधारास घेतात. औरंगाबादेस मांडीवर बसलेला मुलगा एव्हाना चौदा वर्षांनी मोठा झाला होता.

प्रिव्ही कौन्सिलाचा हा अधिकार १९४९ साली संपला. आज दिल्लीस जावयाचे तर पैशाची किंमत कोणी विचारीत नाही. १९७२ च्या घटनादुरुस्तीने ती अट गेली. सर्वसाधारण महत्त्वाचा कायद्याचा मोठा प्रश्न असून त्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानेच करणे अवश्य आहे, असा दाखला उच्च न्यायालयाने द्यावा लागतो; नाही तर घटनेच्या १३६ व्या कलमाखाली विशेष अनुज्ञा मागावयाची. ताई महाराजांचा वाद मुख्यतः पुराव्याचा होता. आज त्यास तो दाखला मिळाला असता किंवा नाही, याची मला शंकाच वाटते.

आमच्याकडील वादांस १९८१ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ याच शहरात आहे, ही सोय मोठीच. परंतु सोय झाली म्हणून तिथी टळत नाही. जिल्हा न्यायालयात अपिलास तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. हुकूमनाम्याची बजावणी नुसत्या अपिलाने थांबत नाही, तिच्या तहकुबीसाठी निराळा अर्ज लागतो. याज्ञवल्क्याने तर न्यायाने हरूनही पुन्हा वाद उकरणाऱ्यास दुप्पट दंड सांगितला आहे. आजचा कायदा त्या मानाने दयाळूच म्हणावयाचा.

एकत्र कुटुंबात आणखी एक प्रसंग येतो. दोघां भावांच्या दाव्यात तिसऱ्यास पक्षकार केलेलेच नसते, आणि निकाल मात्र त्याच्या हिश्श्यावर येऊन आदळतो. अशा भावाने हताश होऊन बसू नये. अपिलाच्या अर्जाबरोबरच न्यायालयाच्या अनुज्ञेचा अर्ज द्यावा, आणि हुकूमनाम्याने आपल्या हक्कास प्रत्यक्ष बाध कसा येतो हे त्यात कागदपत्रांनिशी दाखवावे.