दीड फरशी की दोन?

जरा खुर्ची मागे सरकवा आणि ऑफिसच्या जमिनीकडे बघा. दोन बाय दोन फुटांची फरशी आहे ना? आता त्यातल्या दीड फरशीच्या रुंदीत उभे राहा. खाली मुळशीचं पाणी आहे, हातात गळ आहे आणि शेजारचा मित्र डब्यातलं भजं उचलायला एकदम वाकलाय, अशी कल्पना करा. आला ना पोटात गोळा? मग हा लेख तुमच्यासाठीच आहे.

त्याचं झालं असं, की आमच्या चौघांच्या ग्रुपला गळ टाकून मासे पकडण्याचा किडा चावला. तिघं आयटीतले, चौथी मी. कॉन्ट्री काढून सपाट बुडाची ॲल्युमिनियमची होडी घ्यायचं ठरलं. अमेरिकेत हिला ‘जॉन बोट’ म्हणतात. उथळ पाण्यात आरामात शिरते, गंजायची फारशी भीती नाही आणि वजनाला हलकी. तिथल्या मॉडेलच्या नंबरातच सहसा माप असतं. १४३६ म्हणजे लांबी १४ फूट, बूड ३६ इंच रुंद. १४४८ म्हणजे लांबी तेवढीच, पण बूड ४८ इंच. लांबीवर आमचं लगेच एकमत झालं. रुंदीवरून मात्र दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, छत्तीस घ्या, स्वस्त पडेल. दुसरी म्हणे, अठ्ठेचाळीस घ्या, ऐसपैस बसू. शेवटी ठरलं, पाण्याकाठी जाऊनच काय तो सोक्षमोक्ष लावायचा.

रविवारी सकाळी चांदणी चौकातून पौडमार्गे माले गाठलं. मुळशी धरणाजवळच्या या गावात एका मित्राच्या ओळखीचं घर आहे. तिथले काका अर्धं आयुष्य पाण्यावर काढलेले. आम्ही मोबाइलवर फोटो दाखवले, किमती सांगितल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “त्यात हुबा कोन ऱ्हानार?”

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. अर्थात सगळेच! गळ फेकताना बसून थोडीच राहणार?

मग काकांनी काठीने अंगणातल्या मातीत दोन होड्या आखल्या. एक तीन फूट रुंद, एक चार फूट. “बसा आता,” म्हणाले. तीन फुटांच्या होडीत आम्ही चौघं रांगेत बसलो. मागच्याला पुढे यायचं तर बाकीच्यांच्या गुडघ्यांवरून ढांगा टाकाव्या लागत होत्या. चार फुटांच्या होडीत अंग चोरून का होईना, पण दोघं एकमेकांच्या बाजूने जाऊ शकले. फरक फक्त एका फुटाचा!

एका फुटाचं गणित घरी येऊन मांडलं तेव्हा आणखी गंमत कळली. होडी कलताना किती विरोध करते, ते पाण्यालगतच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतं. ३६ वरून ४८ वर गेलं, की रुंदी वाढते एक तृतीयांश, पण लांबी तेवढीच असेल तर हा विरोध वाढतो जवळपास २.४ पट. वजनाचंही तसंच. १४ फूट लांब आणि ४ फूट रुंद आयत एक इंच खाली जायला सुमारे १३२ किलो भार लागतो. रुंदी ३ फूट केली, की ९९ किलोतच तो इंचभर बुडतो. चौघं, डबे, पाण्याच्या बाटल्या आणि मोटर यांची बेरीज तुम्हीच करा.

मग काय, डोळे मिटून रुंद होडी घ्यायची? थांबा. छत्तीसवाली छोटी, १२ फुटी होडी साधारण ५०-६० किलोंची. दोघं मिळून उचलू शकतात. चौदा फुटी अठ्ठेचाळीसवाली शंभर किलोंच्या आसपास किंवा त्याहून जड, म्हणजे ट्रेलर आला. वल्ही लांब लागतात, मारताना हात भरून येतात. एकट्याने किंवा दोघांनीच जायचं असेल, बसूनच गळ टाकायचा असेल आणि किनारा सोडायचा नसेल, तर छत्तीस उत्तम.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रुंदी म्हणजे विमा नव्हे. सपाट बूड शांत पाण्यात खडकासारखं स्थिर वाटतं, पण ते पाण्याच्या पृष्ठभागाला धरून राहतं. लाट आडवी आली, की तिच्याबरोबर होडीही कलते. काठ बुटका असेल तर पाणी थेट आत. मोठ्या जलाशयावर वारा उठला, की लाट वाढायला वेळ लागत नाही. २१ मे २०२४ ला उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. वळवाचे दिवस असले आणि ढग भरून आले, की होडी कितीही रुंद असो, काठ गाठायचा.

आणखी एक. हे पाणी कुणाचं आहे, तेही विसरू नका. याच धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला होता. आज धरण टाटा पॉवरचं आहे. होडी कुठेही उतरवण्याआधी परवानगीची चौकशी करा, नाहीतर हजारोंची होडी पार्किंगमध्ये धूळ खात पडेल.

पैसे भरण्याआधी एवढं करा:

● जाहिरातीतली रुंदी बुडाची की काठाची, ते विचारा. वरचा काठ बहुधा बाहेर कललेला असतो, त्यामुळे तिथलं माप जास्त भरतं.
● काठाची उंचीही मोजा. नुसत्या रुंदीवर भाळू नका.
● माणसं आणि किलो यांची मर्यादा विचारा आणि तिच्या आतच राहा.
● जितकी माणसं, तितकी लाइफ जॅकेट. आणि ती अंगावर, सीटखाली नाही!
● दोघं बसून जाणार असाल तर छत्तीस. तिघं-चौघं असाल किंवा उभे राहणार असाल तर अठ्ठेचाळीस.

आमची होडी अजून आलेली नाही. आधी परवानगी, मग पैसे. पण ठरलीय अठ्ठेचाळीसच. सध्या माझ्या हॉलमध्ये चौदा फूट लांब, दोन फरशा रुंद अशी चिकटपट्टी लावलेली आहे. परवा आईने विचारलं, “ही काय भानगड?” मी म्हटलं, “आत ये, आणि न धडपडता माझ्या बाजूने पलीकडे जाऊन दाखव.”

गेली की ती! हातात चहाचा कप घेऊन.