दुगारवाडीची ट्रिप आणि कॅन्सल झालेल्या रविवारचा हिशेब

पावसाळा आला की मेसेज सुरू होतात, "सर, वीकेंडला धबधब्याच्या ट्रिपा काढू का? भांडवल तर लागतच नाही." काढा की. पण आधी दुगारवाडीला एकदा स्वतः जाऊन या.

नाशिकहून साधारण तीस किलोमीटर, त्र्यंबकेश्वरच्या पुढे जव्हार रस्त्याला. गाडी वर लावायची आणि चिखलातून, मोठमोठ्या दगडांतून खाली उतरायचं. वाटेत ओढा ओलांडावा लागतो, आणि धंद्याची खरी परीक्षा तिथेच आहे. आपल्या डोक्यावर ऊन असतं, पण वरच्या डोंगरात पाऊस कोसळला की थोड्या वेळात ओढा फुगतो. मग परतीची वाटच बंद. ऑगस्ट २०२२ मध्ये एका रविवारी असंच झालं. वीसहून जास्त पर्यटक अडकले, रात्री अंधारात दोर लावून त्यांना काढावं लागलं. एक जण वाहून गेला.

मी दुकानातल्या पोरांना घेऊन गेलो होतो तेव्हा ओढ्याला पाणी जेमतेम घोट्याएवढं. गावातले एक बाबा म्हणाले, "वरती काळं झालंय, आज नका उतरू." खरं सांगू? मी पंधरा मिनिटं वाद घातला. चौदा जण आलेत, गाडीचे पैसे दिलेत, मागं कसं फिरायचं! शेवटी फिरलो, तेही तोंड वाकडं करून. तासाभराने रस्त्यावरून पाहिलं तर ओढा गढूळ होऊन दगडांवरून चाललेला.

त्या पंधरा मिनिटांत माझ्या डोक्यात फक्त पैसे होते. म्हणून हे गणित घरी बसून करा, ओढ्याच्या काठावर नाही.

समजा २० जण, प्रत्येकी ९०० रुपये. जमा १८,०००. गाडी, नाश्ता-जेवण, गावातले दोन वाटाडे, दोर, प्रथमोपचार मिळून खर्च १५,०००. उरले ३,०००. आता सकाळीच ट्रिप रद्द केली, सगळ्यांना पूर्ण पैसे परत दिले, तर गाडीचा अ‍ॅडव्हान्स आणि केलेले पोहे धरून ३,५०० गेले. म्हणजे एक रद्द रविवार एका चांगल्या रविवारची कमाई खाऊन वर पाचशे मागतो. मग माणूस आभाळाकडे बघतच नाही, "चला, काही होत नाही" म्हणतो.

आठ रविवारांत दोन रद्द होणार असंच धरून चाला. दर ११०० केला तर सहा ट्रिपांचे ४२,००० उरतात, दोन रद्दचे ७,००० वजा, हातात ३५,०००. (९०० ला हेच ११,००० होतात!) महाग वाटून काही गिऱ्हाईकं जातील, जाऊ द्या.

वनखातं आणि प्रशासन पावसाळ्यात कधी बंदी, कधी वेळेचं बंधन घालतं, ते निघायच्या आदल्या दिवशी विचारा. आणि बुकिंग घेतानाच लिहून द्या: वाटाड्या नाही म्हणाला तर उतरायचं नाही, त्र्यंबकला दर्शन आणि येताना मिसळ. माझ्या पोरांना त्या दिवसाची मिसळच जास्त आठवते.