लोंढा म्हणजे काय रे भाऊ?

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमची सहा जणांची गँग देवकुंडला गेली होती. रायगड जिल्ह्यात ताम्हिणी घाटाच्या खाली भिरा गाव आहे. तिथून धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने आणि मग दाट झाडीतून दीड-दोन तास चाललं की आपण एका अरुंद घळीत पोचतो. बाजूला काळे कडे, समोर धबधबा आणि खाली हिरवंगार कुंड. सगळा थकवा पळून जातो!

खरी गंमत परतताना झाली. वाटेत ओढा ओलांडायचा होता. पाणी जेमतेम घोट्याएवढं, डोक्यावर ऊन. वर घाटमाथ्यावर मात्र गडगडत होतं. सोबत वाटाड्या म्हणून आलेले गावातले मामा म्हणाले, “थांबा पोरांनो, लोंढा येईल.” मी कॉन्व्हेंटवाला. लोंढा म्हणजे गोव्याला जाताना लागणारं रेल्वे जंक्शन, एवढंच मला माहीत! मी बूट काढून निघालोच होतो, तर मामांनी दंड धरून मागे ओढलं. दहा-पंधरा मिनिटांत पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत आला, आणि मी ज्या दगडावर पाय ठेवणार होतो तो दिसेनासा झाला.

होस्टेलवर आल्यावर मी गणित मांडलं. घळ म्हणजे नरसाळ्याचं तोंड. वरच्या डोंगराचं सगळं पाणी तिथूनच बाहेर पडतं. समजा, वर फक्त 1 चौरस किलोमीटरवर तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे तासाला 5 कोटी लिटर, सेकंदाला सुमारे 14 हजार! त्यातलं निम्मं जरी ओढ्यात आलं तरी सेकंदाला 7 हजार लिटर. आपल्या सह्याद्रीत उतार तीव्र, खाली बेसाल्टचा कातळ, त्यात पावसाळ्याअखेर माती आधीच भिजलेली. पाणी मुरणार कुठे? शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. हे आपण पेपरात लिहितो, पण ओढ्यात उतरताना विसरतो.

30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तेव्हा एवढं लक्षात ठेवा. डोक्यावरचं आभाळ बघू नका, घाटमाथ्यावरचं बघा. पाणी गढूळ झालं, पाचोळा आला किंवा आवाज वाढला की लगेच ओढ्यातून बाजूला, उंचावर चढा. लोंढा येतो तसा बऱ्याचदा ओसरतोही लवकर, त्यामुळे थांबा. आणि पावसाळ्यात प्रशासनाने बंदी घातली असेल तर जाऊच नका.

आम्ही दीड तास थांबलो. शेवटची एसटी चुकली, रेक्टर सरांची बोलणी खाल्ली. पण सहा जण गेलो होतो, सहाही परत आलो.