रक्ताची साक्ष

मनुष्याच्या शरीरात रक्त शुद्ध करण्याचे काम दोन मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. ती निकामी झाली, की विषारी द्रव्ये रक्तात साचतात व जीव धोक्यात येतो. अशा वेळी पुष्कळदा एखादी माता आपले एक मूत्रपिंड लेकराला देते.

२३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरी डॉ. जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडरोपणाची शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. दाता व रुग्ण हे एकाच बीजापासून जन्मलेले जुळे भाऊ होते. म्हणून रुग्णाच्या देहाने ते मूत्रपिंड परके मानले नाही. परंतु असा जुळा भाऊ प्रत्येकाला कोठून लाभणार? एरवी रक्तातील पांढऱ्या पेशी व प्रतिद्रव्ये हे शरीराचे पहारेकरी नव्या अवयवावर तुटून पडतात. रोगजंतू कोणता आणि मातेचे दान कोणते, हा भेद त्यांना कळत नाही. यालाच अवयवाचा अव्हेर म्हणतात. पहारेकऱ्यांना आवरणारी औषधे रुग्णाला नित्य घ्यावी लागतात. ती उणी पडली, तर अवयव जातो. अधिक झाली, तर रोगजंतूंना रान मोकळे मिळते.

अव्हेर पुष्कळदा वेदनेवाचून सुरू होतो. मग त्याची चाहूल लागावी कशी? येथे रक्तच साक्ष देते.

पहिली साक्ष क्रिएटिनीनची. स्नायूंत निर्माण होणारे हे द्रव्य मूत्रपिंडे गाळून टाकतात. रक्तात ते वाढले, की मूत्रपिंडाचे काम मंदावले असे समजावे. पण ही वार्ता बरीच हानी झाल्यावर येते.

दुसरी साक्ष प्रतिद्रव्यांची. दात्याच्या पेशींविरुद्धची प्रतिद्रव्ये रुग्णाच्या रक्तात आधीच असतील, तर नवे मूत्रपिंड तत्काळ निकामी होण्याचा मोठा धोका असतो, हे डॉ. पटेल व डॉ. टेरासाकी यांनी १९६९ साली दाखविले. म्हणून दोघांच्या रक्ताची जुळणी शस्त्रक्रियेपूर्वीच पाहतात. पुढेही अशी प्रतिद्रव्ये नव्याने दिसली, तर तो इशारा होय.

तिसरी साक्ष अलीकडची. मरणाऱ्या पेशींतून डीएनएचे सूक्ष्म तुकडे रक्तात मिसळतात. त्यांतील दात्याचे तुकडे वेगळे ओळखता येतात. मूत्रपिंड सुखरूप असता ते साधारणतः शंभरात एकाहूनही कमी असतात. हल्ला सुरू झाला, की त्यांचे प्रमाण वाढते; कधी क्रिएटिनीन वाढण्यापूर्वीच!

तथापि साक्ष म्हणजे निवाडा नव्हे. अन्य कारणांनीही पेशी मरतात. म्हणून संशय येताच डॉक्टर सुईने मूत्रपिंडाचा कणभर भाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. या कृतीत रक्तस्रावाचे भय असते. ती वरचेवर करता येत नाही. थोडेसे रक्त मात्र वेळोवेळी घेता येते.

प्रकृती बरी वाटते म्हणून तपासणी टाळणारा रुग्ण या साक्षीदारांचे तोंडच बंद करतो. मातेने आपल्या देहातून काढून दिलेले दान टिकवावयाचे, तर रक्ताची साक्ष नेमाने ऐकली पाहिजे.