शुभमंगल, जरा थांबा!

मराठी लग्नात सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द म्हणजे 'सावधान'. तो वेळेसाठी आहे, हे आपण हळूहळू विसरत चाललो आहोत. घरोघरी घड्याळे नव्हती तेव्हा मांडवात पाण्याच्या भांड्यात घटिकापात्र सोडत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. तिच्यात थेंबाथेंबाने पाणी चढे आणि २४ मिनिटांनी ती बुडे. वाटी बुडाली की एक घटका भरली. तिला कुणाची भीडभाड नसे. वरमाय रुसली आहे, मामा अजून धोतर नेसतो आहे, असली कारणे तिच्यापुढे चालत नसत. आज मुहूर्ताला गुरुजींनी अंतरपाट धरलेला असतो, चारशे माणसे मुठीत अक्षता घेऊन उभी असतात आणि बोहल्यावरून आवाज येतो, "गुरुजी, एक मिनिट. बॅटरी बदलतोय."

तो आवाज माझ्या धंद्यातल्या माणसाचा असतो. पुण्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत लग्नाचे फोटो काढण्यात माझी तीस वर्षांहून अधिक गेली. त्यामुळे फोटोग्राफरांनी लग्ने बिघडवली ही तक्रार मी बोहल्याच्या दोन्ही बाजूंनी ऐकली आहे. तक्रार बरीचशी खरी आहे. पण तिचे मूळ कॅमेऱ्यात कमी आणि कागदावर जास्त आहे. फोटोला वेळ लागतो आणि तो वेळ लग्नाच्या कार्यक्रमात कुणीच लिहीत नाही. न लिहिलेला वेळ मग कुणाच्या तरी वाट्यातून उचलला जातो. कधी गुरुजींच्या, कधी पंगतीला खोळंबलेल्या मधुमेही आजोबांच्या, आणि बहुतेक वेळा नवरा-नवरीच्या.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण फोटोच कमी होते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली निघाली. त्या काळच्या काचा आणि अवजड कॅमेरे घेऊन लग्नघरातली धावपळ टिपणे शक्यच नव्हते. पुढेही कितीतरी वर्षे लग्न उरकल्यावर जोडपे स्टुडिओत जाई. तो कोट घालून खुर्चीत, ती नऊवारीत त्याच्या शेजारी उभी, आणि मागे रंगवलेला पडदा. पंचवीस माणसांच्या कुटुंबात लग्नाचा फोटो एकच. मी या धंद्यात आलो तेव्हा रोल होते. एका रोलवर ३६ फोटो, एका लग्नाला चार-पाच रोल, म्हणजे फार तर १८० वेळा बटण दाबायचे. वधूपित्याशी बोलणी करताना फोटोंचा आकडा आधी ठरे. रोल संपण्याची भीती आम्हाला आवरून धरी. आता कार्डावर हजारो फोटो मावतात आणि ती भीती गेली. पूर्वी रोल मोजावा लागे. आता वेळ मोजायला हवा, तो मात्र कुणी मोजत नाही.

तो मोजणे अगदी सोपे आहे. कुटुंबाच्या एका समूहफोटोला तीन मिनिटे धरा. त्यातली अडीच मिनिटे 'काकू कुठे गेल्या' यात जातात. वधूकडचे दहा, वराकडचे दहा आणि दोन्हीकडचे मिळून पाच असे पंचवीस फोटो म्हटले की सव्वा तास झाला. संध्याकाळच्या स्वागत समारंभाचेही तसेच. चारशे पाहुणे चार-चारच्या गटाने मंचावर आले आणि प्रत्येक गटाला एक मिनिट लागले, तर शंभर मिनिटे. तितका वेळ दोघांनी हसत उभे राहायचे. साडी बदलायची तर प्रत्येक खेपेला अर्धा तास. आजकाल हळद, गौरीहर, मुहूर्त आणि स्वागत अशा चार साड्या सहज होतात. हा हिशेब मी घरच्यांपुढे मांडतो तेव्हा क्षणभर शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणते, "होईल हो तेवढं!" होत नाही, हा माझा अनुभव आहे.

दुसरा हिशेब उजेडाचा. पंचांगात मुहूर्त पाहतो तसा उजेडही पाहावा लागतो. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य नेमका डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली नाहीशी होते. नेमका हाच आपला लग्नाचा हंगाम आणि हीच मुहूर्ताची वेळ. त्या उन्हात अंगणात उभ्या केलेल्या नवरीच्या डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात, मुंडावळ्यांच्या रेघा गालावर उमटतात आणि घामाने कुंकू ओघळते. तेच अंगण सकाळी आठला किंवा संध्याकाळी सहाला सोन्यासारखे दिसते. डिसेंबरात उलटे. पुण्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. गोरज मुहूर्त असेल तर अक्षता पडून विधी सुरू होईपर्यंत अंधार पडलेला असतो. मग 'बागेतले फोटो राहिले' म्हणून हळहळण्यात अर्थ नसतो. ते दुपारी चारलाच व्हायला हवे होते. पण अंतरपाट दूर होईपर्यंत वधूवरांनी एकमेकांना पाहू नये असे ज्या घरी मानतात, तिथे दोघांचे एकत्र फोटो आधी निघणार कसे? तिथे दोघांचे वेगवेगळे फोटो आधी घ्यावेत आणि जोडीचे दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजेच्या वेळी. दुसऱ्या दिवशी चेहरेही निवांत असतात.

समजा, मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटांचा आहे आणि हळद आदल्या दिवशी झाली आहे. मी माझा कागद मुहूर्तापासून मागे मोजत लिहितो. नवरीच्या शृंगाराला आणि नऊवारी नेसवायला मिळून अडीच तास. म्हणजे तिने सहाला बसायचे. साडेआठ ते नऊ तिचे एकटीचे आणि आईवडिलांबरोबरचे फोटो, कोवळ्या उजेडात, कार्यालयाच्या ओसरीवर. नऊला घरातली सर्वांत वयस्क माणसे. आजी-आजोबांना दुपारी दोनपर्यंत ताटकळत ठेवू नये. सकाळी ते ताजे असतात आणि त्यांना गंमतही वाटते. सव्वानऊला नवरीने पोटभर खायचे. हे मी कागदावर ठळक लिहितो. पावणेदहाला पुण्याहवाचन, त्याला तास. पावणेअकराला वधूकडचे समूहफोटो. सव्वाअकराला ती गौरीहर पुजायला बसली की तेवढ्यात वराकडचे फोटो. बाराला आमचे सगळे थांबते. बारा ते बारा सतरा ही मिनिटे गुरुजींची. पुढे कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी पावणेदोनपर्यंत चालते. दोन्हीकडचे एकत्र पाच फोटो विहिणीच्या पंगतीची पाने मांडली जात असताना. सव्वादोनला जेवण, उखाणे, घास. साडेतीन ते चार दार लावून दोघांना विश्रांती. तिथे कॅमेऱ्याला प्रवेश नाही.

या कागदाबरोबर दोन गोष्टी लागतात. लग्नाआधी आठवडाभर गुरुजी, फोटोग्राफर, आचारी आणि शृंगार करणाऱ्या बाई यांनी अर्धा तास एकत्र बसायचे. चौघांपैकी प्रत्येकाला दिवस आपल्याच मालकीचा वाटत असतो. समोरासमोर बसले की तो वाटून घेता येतो. आणि दोन्हीकडचा एकेक माणूस असा नेमायचा की त्याला आपला सगळा गोतावळा नावानिशी ठाऊक आहे आणि त्याचा आवाज मोठा आहे. बहुतेक घरांत असा एखादा मामा असतोच. फोटोग्राफरला काकू आणि आत्या यांतला फरक कळत नाही, मामाला कळतो.

एक गोष्ट मात्र कागदात बसवूनही पुष्कळदा निसटते. अक्षता पडल्या, हार घातले की लोक पंगतीकडे धावतात, आणि त्यांच्यामागे फोटोग्राफरही. सप्तपदी चालते तेव्हा मांडवात गुरुजी, आईवडील, करवली आणि दोन डुलक्या घेणारे काका उरतात. आता कायदा काय सांगतो ते पाहा. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या सातव्या कलमानुसार, ज्या विवाहात सप्तपदीचा विधी आहे तिथे सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली एका निकालात बजावले की विवाह हा नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे, आणि विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. म्हणजे जे पाऊल पडल्यावर दोघे कायद्याने पतिपत्नी होतात, त्या पावलाच्या वेळी कॅमेरा जिलबीच्या रांगेत असतो! मी माझ्या मदतनिसांना सातव्या पावलाआधी ताटावर बसू देत नाही.

याच पावलांवरून एकदा गंमत झाली. साताऱ्याकडचे लग्न. व्हिडिओवाल्या तरुणाने तिसरे पाऊल 'पुन्हा एकदा' टाकायला सांगितले, कोन चुकला म्हणून. गुरुजी म्हणाले, "बाळा, पडलेलं पाऊल परत घेत नाहीत. चौथं नीट टिप." मांडव हसला. त्या हसण्यात मला आमच्या धंद्याचा नियम सापडला. जे एकदाच घडते, ते त्याच्या गतीने घडू द्यावे आणि आपण आपली जागा शोधावी. जे केव्हाही करता येते, तेवढ्याचीच वेळ आपण ठरवावी. अंतरपाट सरकल्यावर दोघांचे डोळे भेटतात तो क्षण एक-दोन सेकंदांचा असतो. तेव्हा बोहल्यावर सहा कॅमेरे आडवे उभे राहिले, तर पहिल्या रांगेतल्या आजीला नातीच्या लग्नातल्या फक्त आमच्या पाठी दिसतात. हल्ली काही कार्यालयांत म्हणून मोठा पडदा लावतात. तीस फुटांवर बसलेली आजी नातीचे लग्न पडद्यावर पाहते. बोहल्यावर एक, समोर खाली बसून एक, असे दोनच कॅमेरे मुहूर्ताला पुरतात.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची जोडपी अजूनही माझ्याकडे येतात. अल्बम घेऊन येतात आणि एका फोटोवर बोट ठेवतात. तो फोटो हार घालतानाचा किंवा बागेतला क्वचितच असतो. बोट असते एका कोपऱ्यावर. तिथे वडील हातातल्या वाटीतला मठ्ठा सांभाळत कुणाशी तरी हसत असतात, किंवा थोरल्या काकू रुखवतापाशी चष्मा पुसत असतात. "एवढंच मोठं करून मिळेल का? यांचा दुसरा चांगला फोटोच नाही आमच्याकडे." कापून, मोठे करून मी तो देतो. रोल जुना असला की चेहरा दाणेदार होतो, तरी लोक तो चौकटीत लावतात.

असे फोटो मागून मिळत नाहीत. 'इकडे पाहा' म्हटले की वडील ताठ होतात आणि काकू चष्मा काढून ठेवतात. माणसे निवांत असली, भुकेली नसली, त्यांना कुणी ताटकळत ठेवले नसले, तरच ती अशी हसतात. म्हणून माझ्या कागदावर जेवणाच्या वेळेपुढे मी एकाही फोटोचे नाव लिहीत नाही. तो तास मोकळा ठेवतो आणि कॅमेरा घेऊन पंगतीतून नुसता हिंडतो.