दीपरचनेचे पूर्वदर्शन आणि तारेची मर्यादा
अमरावती-अकोल्याकडे दिवाळीत घराच्या सज्जावर सोडलेल्या दीपमाळेची उघडझाप गाण्याच्या तालावर बसवावयाची झाल्यास ‘एक्सलाइट्स’ ही विनामूल्य संगणकप्रणाली उपयोगी पडते. घराच्या छायाचित्रावर दिव्यांची मांडणी करून सारा खेळ आधी पडद्यावर पाहता येतो. मात्र ह्या पूर्वदर्शनात तारेची मर्यादा दिसत नाही. ‘डब्ल्यूएस २८११’ जातीच्या प्रत्येक दिव्यास २४ बिटांची आज्ञा लागते व ती सेकंदास ८ लक्ष बिट ह्या वेगाने जाते. म्हणजे दिव्यामागे ३० मायक्रोसेकंद. एकाच तारेवर १,००० दिवे ओवल्यास ३० मिलिसेकंद लागतात. मग २५ मिलिसेकंदांची चौकट साधणार कशी? माळ दोन तारांवर विभागावी लागते. ५ व्होल्टच्या लांब माळेत पांढरा रंग दूरच्या टोकाशी तांबूस पडतो, तोही पडद्यावर शुभ्रच दिसतो. तेथे वीजपुरवठा त्या टोकाकडूनही द्यावा.