आटे आणि पाणपातळी

सकाळी ६. शिरूर अनंतपाळहून निघताना टेम्पोत तिपाई, चेन पुली, क्लॅम्प, पाइप पाने. उन्हाळ्यात उशिरा काम धरलं की लोखंडाला हात लावता येत नाही.

७. "मिस्त्री, मोटार जळली बघा." सगळेच असं म्हणतात. मोटार फिरतेय, बोअरला कान लावला तर आत पाणी पडल्याचा आवाज. पाइप फुटलाय म्हटलं तर मालकाला पटत नाही.

८ ते ११. वीस फुटी जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप एकेक करून वर येतात. वरचे कोरडे, ठणठणीत. मग पापुद्रे सुटलेले चार-पाच. पावसाळ्यात पाणी इथवर चढतं, चैत्रात उतरतं; ओल आणि हवा दोन्ही मिळाली की लोखंड झपाट्याने सडतं. त्याखाली, कायम पाण्यात राहिलेले पाइप बरे, कारण तिथं प्राणवायू कमी. शेवटचा, स्टेनलेस स्टीलच्या पंपाला जोडलेला, पुन्हा खराब. दोन वेगळे धातू पाण्यात जोडले की हलक्याचा बळी जातो: आधी जस्ताचा, मग लोखंडाचा. भोक मात्र सॉकेटखाली, आट्यात. आटे पाडताना जस्ताचा थर निघतो आणि पाइपाची जाडीही घटते.

१. भाकरी खाताना मालकाने विचारलं, "किनवटच्या उनकेश्वरला ऊन पाणी आहे, तिथं मोटार टिकंल का ओ?"

तिथलं पाणी अंगाला सोसतं, पण त्यात गंधक आहे. गंधकाचा वायू तांब्याला खातो. आणि पाणी ६० अंशांच्या वर गेलं की काही पाण्यांत जस्त लोखंडाला राखायचं सोडतं, उलट लोखंडच झिजतं. अशा झिजेमुळे भूगर्भातल्या उष्णतेवर वीज करणारे काही जण खारं गरम पाणी यंत्रात थेट घेणं टाळतात. न गंजणाऱ्या धातूच्या आडून फक्त उष्णता पलीकडे देतात. आपल्या बोअरला एवढी भीती नाही. सर्वसाधारण जमीन किलोमीटरभर खाली गेल्यावर २५-३० अंशांनी तापते. आमच्या सहाशे फुटांत पाणी कोमटच.

३. सडके पाइप बदलले. मी प्लास्टिकचे सुचवले, मालकाला लोखंडीच हवे होते. निदान नव्या आट्यांना जस्ताचा रंग लावला. पुष्कळ जण तेवढंही करत नाहीत.

५. थ्री फेज आली. आधी तांबडं पाणी, मग स्वच्छ. सडके पाइप मालक भंगारात देणार नाहीत, गोठ्याला डांब होतील म्हणतात. मजुरीचं बाजारच्या दिवशी बघू.